हिरड्यांवरचा उजेड

खालचे समोरचे चार दात राहणार की जाणार, हे आज कळायचं होतं. सत्यवतीबाईंनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. "काढायचेच निघाले तर पोटात काही नको," ऑटोत त्या लेकीला, माधवीला म्हणाल्या. वय सत्तावन्न. सासूची कवळी त्यांनी वर्षानुवर्षं घासून पेल्यात ठेवली होती. आपल्या तोंडाचं तसं बोळकं होऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आधीच्या खेपांना माधवीचा नवरा कुलदीप त्यांना घेऊन आला होता. माधवीला ऑफिसातून निघता येत नव्हतं. उपचार असा: हिरड्या आतून खरवडायच्या, फटींत निळं औषध सोडायचं आणि बारीक काडीतून त्यावर लाल उजेड टाकायचा. औषध जंतूंना चिकटतं, उजेड पडला की ते मरतात. पहिल्या दिवशी आई निळी जीभ घेऊन माधवीच्या बरकतपुऱ्याच्या घरी आली आणि म्हणाली, "बघ, जावईबापूंनी मला नीळकंठ करून आणलंय."

डॉक्टर पद्मावतींनी एकेक दात चाचपला. मग एक्स-रे दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"सूजन गई, खून भी रुक गया," त्या म्हणाल्या. "लेकिन हड्डी घटतीच जा रही है. इतनी जल्दी कैसे? अम्मा, माहवारी पचास में बंद हुई बोले ना तुम?"

माधवीने आईकडे पाहिलं. "पाळी पन्नाशीत गेली? नाही डॉक्टर. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिसरीत होते. बत्तीस वर्षांची होती ती. गर्भाशय, अंडाशय, सगळंच काढलं."

खुर्चीतल्या आईने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि हळूहळू समजावलं. बाईचं हाड ज्या इस्ट्रोजेनवर तग धरतं, ते या शरीरात पंचवीस वर्षं जवळजवळ नव्हतंच. उजेड जंतू मारतो, हाड भरून आणत नाही. हे आधी कळलं असतं तर हाडांची तपासणी करून औषध सुरू केलं असतं आणि मग हिरड्यांना हात घातला असता.

"मग दात राहिले असते?" माधवी म्हणाली.

"शायद. कुछ साल." त्यांनी हातमोजे काढले. "अब नहीं रहते अम्मा. निकालना पड़ेगा. आज ही कर देंगे, बाहर बैठो थोड़ा."

बाहेरच्या बाकावर माधवीने विचारलं, "आई, त्यांनी विचारलं तेव्हा खरं का नाही सांगितलंस?"

"जावई शेजारी उभे होते गं."

"मग?"

"मग काय? त्यांच्यासमोर सांगू, माझं पोट आतून रिकामं केलंय म्हणून? तो विषय निघाल्याबरोबर मला दरदरून घाम फुटला. जावईबापू बिचारे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, तेलुगू येत नाही तरी! मी म्हटलं, सगळ्या बायांसारखीच गेली, पन्नाशीला. एकदाचं संपावं म्हणून."

माधवीला संताप आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. कुलदीपला नुसतं बाहेर थांबा म्हटलं असतं तरी तो थांबला असता. एक दिवस रजा टाकली असती तर ती स्वतःच शेजारी असती. आणि त्याच्याही आधी, गावात घरोघरी बायांची पिशवी काढत होते, तेव्हा आई दवाखान्यातून परतली तो दिवस तिला आठवला. आता महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं नाही, सणावारात अडचण नाही, म्हणून सगळं घर खुशीत होतं. आईसुद्धा म्हणाली होती, सुटले. आज माधवी त्या आईपेक्षा एक वर्षाने मोठी होती.

मोबाइल वाजला. कुलदीप होता. "काय म्हणाल्या डॉक्टर? उजेडाने काहीच झालं नाही का?"

आईने तिचं मनगट घट्ट धरलं आणि मानेने नाही, नाही म्हणत राहिली.

"काढावे लागतायत," माधवी म्हणाली. "वयच झालंय म्हणाल्या."

मनगटावरची पकड सैल झाली. आतून नाव पुकारलं गेलं, तशी आई उठली आणि एकटीच आत गेली.