टाकीतल्या चार निवट्या

मित्रांनो, मी माशांची एक जुनी काचेची टाकी आहे. आधीच सांगून ठेवते, मी फार संशयी आहे. कुणी माझ्याजवळ येऊन गोड हसलं की मला पहिला प्रश्न पडतो, याला काय हवंय?

जन्मतः मी अशी नव्हते हो. तुर्भ्याच्या काचेच्या दुकानात मला जोडलं, तेव्हा मी अगदी भोळी होते. खारघरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये जाईन, सोनेरी मासे मिरवीन, असं वाटायचं. पण मला नेलं एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे सांडपाणी स्वच्छ करणारा प्लांट होता. स्वच्छ झालेलं पाणी खाडीकडे सोडायच्या आधी त्यातलं थोडं एका नळाने माझ्यात यायचं. माझ्यात मासे जगले, म्हणजे पाणी चांगलं. साक्ष द्यायची, एवढंच माझं काम.

प्लांट सांभाळायचे गोटीरामदादा, खाडीकाठच्याच गावचे. रोज सकाळी माझी काच पुसायचे आणि माशांना विचारायचे, "काय रं, बरा हायेस ना?" पाहुणे माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. एका दसऱ्याला तर मला झेंडूचा हार घातला होता. त्या हाराचा मला अजून अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू!

मग केतनसाहेब नवे मॅनेजर झाले. वीजबिल वाचवायला प्लांटच्या पाण्यात हवा सोडणारं यंत्र दुपारनंतर बंद राहू लागलं. माझं पाणी जांभळट झालं आणि आठवड्याभरात सगळे मासे उलटे तरंगले. दादांनी सांगितलं तर साहेब म्हणाले, "अरे, मासेच कमजोर होते. दुसरे टाक." दुसरे मेले. तिसरेही मेले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

दादांची बायको पुतळाताई खाडीतल्या निवट्या पकडून विकायची. निवटी म्हणजे चिखलात डोळे वर काढून बसणारी छोटी मासळी. एकदा ती दादांचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोरच रडली. "निवटीला राकेलचा वास मारते. लोकांनी कालची सगली परत आनून दिली. तुमचे कंपनीचाच पानी येते ना खाडीत? मंग आमी जगायचा कसा?" दादांनी डबा उघडलाच नाही.

त्याच आठवड्यात कागद आला. प्रदूषण तपासणाऱ्या ऑफिसातून एक मॅडम येणार होत्या. दादांनी तो कागद दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "गोटीराम, उद्या अकराला टाकीत मासे जिवंत दिसले पाहिजेत. कुठले पण आण, मासा तो मासाच. नायतर परवापासून तू घरी."

सकाळी दादा पिशवी घेऊन आले. माझ्यात मधोमध पाण्यावर डोकं काढणारा एक मोठा दगड ठेवला आणि त्यावर चार निवट्या सोडल्या. अगं बाई! निवटी पाण्याबाहेरही जगते, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. दगडावर बसली की खालच्या पाण्याशी तिचं काय देणंघेणं? म्हणजे दादासुद्धा फितूर झाले? नोकरीसाठी? मला इतका राग आला, की जमलं असतं तर मी तिथेच तडकले असते.

अकराला उन्नती मॅडम आल्या. साहेब पुढे झाले. "बघा मॅडम, पाणी एकदम क्लीन. मासे कसे मस्त बसलेत!"

"बसलेत?" मॅडम वाकल्या आणि खुदकन हसल्या. "अहो साहेब, ही निवटी आहे. माझी आजी विकायची. ही तर ओल्या घमेल्यात पाण्यावाचून बसून राहते."

साहेबांचा चेहरा पडला. "गोटीराम, हे काय आणलंस?"

"तुमीच बोल्लात, कुठला पन आन," दादा शांतपणे म्हणाले. "या पान्यात दुसरा कोन जगलाच नसता."

तेव्हा मला तो कागद आठवला. त्यावर मॅडमचं आडनाव होतं, खाडीकाठच्या गावातलं. दादांनी ते दोनदा का वाचलं, ते मला तेव्हा उमगलं. मॅडम म्हणाल्या, "दादा, पाणी बाहेर पडतं ती जागा दाखवा." दादा पुढे चालू लागले.

मॅडमच्या ऑफिसने कारखान्याचं पाणी बंद केलं. यंत्र दिवसभर चालू राहील याची खात्री होईपर्यंत ते पुन्हा सुरू केलं नाही. केतनसाहेबांनी मात्र आपला शब्द पाळला, दादांना घरी बसवलं. मला भंगारात टाकलं, तिथून दादांनीच मला उचलून आणलं. आता मी पुतळाताईच्या पाटीशेजारी असते, निवट्या सांभाळत.

मित्रांनो, काचेतला मासा दाखवून कुणी पाणी स्वच्छ आहे म्हणालं, तर लगेच टाळ्या वाजवू नका. तो मासा कोणता, पाणी कुठून आलं, कुठे चाललंय, हे विचारा. खुशाल संशय घ्या. पण मी चुकले तसं चुकू नका. रोज माझी काच पुसणाऱ्या माणसावरच मी सगळ्यात मोठा संशय घेतला. त्याची मला फार लाज वाटते.

परवा एका गिऱ्हाईक बाईने निवटी उचलून नाकाशी धरली. दादांचा पुसणारा हात माझ्या काचेवरच थांबला.

"वास नाय," ती बाई म्हणाली. "दोन वाटे द्या."