कंसातली पावलं

पिवळी चिठ्ठी पुस्तकाबाहेर लोंबत होती — पंखा सुरू केला की हलायची, बंद केला की गप्प. उत्तरानं ती बोटानं आत ढकलली, मग पुन्हा बाहेर ओढली. बाहेरच असू दे. संध्याकाळी वाचनालयातल्या कार्यक्रमात पर्समधून पुस्तक काढायचं, चिठ्ठीला धरून पान उघडायचं आणि सगळ्यांसमोर, शांतपणे... शांतपणे हे महत्त्वाचं. आवाज चढला की लोक म्हणतात बाई चिडली आहे, आणि मग चिडलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही, नुसते बघत बसतात.

गेले कित्येक दिवस ती हा प्रश्न घोळवत होती. भांडी घासताना इंग्रजीत, हुडकेश्वरच्या शाळेत शिकवायला जाता-येता हिंदीत, आणि आंघोळीच्या वेळी मराठीत, कारण शिवी आली तर ती मराठीतच यायची. सौरवजी, हे पान मूळ ओडिया कादंबरीत कुठे आहे, तेवढं दाखवता का? बस, एवढंच. आणि मग मूळ पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. त्या गोल गोल अक्षरांवरून त्याचं बोट फिरताना बघायचं. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. उभं धरलंय की उलटं, हे तरी कळेल का त्याला? ते गोड हसू, ती मान तिरकी करून ऐकण्याची सवय... कुठे जाईल ते सगळं तेव्हा?

"उत्तरा! पांढरा शर्ट घालू का निळा?" बाबांचा आवाज आतून आला.

"बाबा, तुम्ही कशाला येता? दोन तास नुसतं इंग्रजी चालेल."

"मंग? इंग्रजी मले काय नवीन हाय? गार्ड होतो मी रेल्वेत. पोरीचं नाव पुस्तकात छापून आलं अन् बाप घरी बसन काय?"

नाव आलं होतं खरं. शेवटून दुसऱ्या पानावर, आभाराच्या तळाशी, दिल्लीच्या कॉफीवाल्याच्या आधी: नागपूरच्या उत्तरा यांचे आभार, काही घरगुती शब्दांसाठी. घरगुती शब्द! चारशे पानांची कादंबरी ओळीला ओळ लावून तिनं इंग्रजीत उतरवून दिली होती. पुस्तकावर अनुवादक म्हणून नाव आहे त्या दिल्लीच्या सौरव बक्षींचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, ओडिया मला येत नाही, पण माझं इंग्रजी लोक वाचतात. तुम्ही फक्त कच्चा मसुदा द्या, भाषेचं मी बघतो. आजकाल असंच करतात म्हणे. आणि ती हो म्हणाली होती, नुसती हो नाही, हरखून गेली होती, कारण आई गेल्यापासून नंदनवनातल्या या घरात ओडियाचा एक शब्द कुणी उच्चारला नव्हता. मसुदा लिहिताना ती एकेक वाक्य मोठ्यानं वाचायची. कुणीतरी स्वयंपाकघरातून उत्तर देईल असं वाटायचं. नावाचं तिला काही नव्हतं, ते तिनं सोडूनही दिलं असतं. पण ते पान...

आईचं नाव कुमुदिनी. ओडिशातल्या झारसुगुड्याची. बाबांची तिकडे बदली झाली होती तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधली ही मुलगी त्यांना आवडली, आणि लग्न करून त्यांनी तिला नागपूरला आणलं. इथे ती आयुष्यभर 'उडियावाली' राहिली. आजी — बाबांची आई, जिजाबाई — तिला ते नावसुद्धा देत नसे. "मासोळीच्या हाताची" म्हणायची. आईनं उत्तराला ओडिया शिकवली ती परातीतल्या कणकेवर बोटानं अक्षरं काढून, आजी देवळात गेली की.

कादंबरीत एक साधी ओळ होती: त्या गुरुवारी सुलोचनेनं दारात झोटी काढली. संपलं. पुढच्या ओळीत सुलोचना विहिरीवर जाते. पण दिल्लीच्या माणसाला झोटी काय कळणार, म्हणून उत्तरानं चौकटी कंस टाकून खाली समजावून लिहिलं — मार्गशीर्षातल्या गुरुवारी तांदूळ वाटून त्या पांढऱ्या पाण्यानं लक्ष्मीची पावलं काढतात, दारापासून आत, देवापर्यंत; पावलांची बोटं नेहमी घराकडे. एवढंच लिहायचं होतं. पण पेन थांबलंच नाही, आणि तिनं पुढे लिहिलं की माझ्या आईनं एकदा ती उलटी काढली होती.

आम्ही तेव्हा नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. त्या दिवशी सकाळी आईनं खीर करून देवापुढे ठेवली होती. आजीनं वाटी उचलली आणि अंगणात कुत्र्यापुढे ओतली. बाबा तिथेच जेवत होते, मान खाली घालून. जेवले, डबा घेतला, ड्युटीवर गेले. दुपारी आजी कुणाच्या तरी बारशाला गेली आणि आईनं तांदूळ वाटायला घेतले. देवापासून निघून, स्वयंपाकघरातून, बाजेखालून, दारापर्यंत — सगळी पावलं बाहेर जाणारी. मग ती पत्र्याची पेटी घेऊन पायरीवर बसली. मी आठ वर्षांची होते. दाराआड उभी होते. मला माहीत होतं की आता मी हाक मारायची नाही, हाक मारली तर काहीतरी फुटेल. एक मालगाडी गेली, संपता संपेना. गाडी गेल्यावर आई उठली, तळहातानं एकेक पाऊल पुसत आत आली, आणि पुन्हा काढली. आत येणारी.

हे सगळं कंसात होतं. सौरव बक्षींनी कंस काढून टाकले. त्यांना वाटलं कादंबरीच चालू आहे! 'माझी आई' त्यांना बहुतेक जरा खटकली असेल, तिथे त्यांनी सुलोचनेला बसवलं, पायरीवर, पेटी घेऊन. मालगाडी मात्र ठेवली. सुलोचनेच्या गावात रेल्वे नाही, बैलगाडीसुद्धा नदी ओलांडून येते, पण ती मालगाडी कुणाला खटकली नाही. छापून आल्यावरच उत्तरानं ते पाहिलं, आधी कुणी दाखवलं नव्हतं. आणि परीक्षणं! कादंबरीचं काळीज म्हणे याच पानात आहे. मूळ लेखक पाणिग्रहीबाबू तर पुस्तक यायच्या आधीच वारले, नाहीतर त्यांनीच विचारलं असतं, ही बाई माझ्या दारात कुठून येऊन बसली?

माझी आई आहे ती. चोरली तुम्ही. आणि चोरलेलं कळलंही नाही तुम्हाला, हे त्याहून वाईट. त्याबद्दल मी तुम्हाला सोडणार नाही.

बाबा निळा शर्ट घालून आले. केसांना तेल, खिशाला पेन. ती प्रश्न विचारेल म्हणजे पावलांचं खरं सांगेल, आणि बाबा पहिल्यांदा ऐकतील की कुमुदिनी एका दुपारी त्यांना सोडून निघाली होती. भर सभेत, ऐंशीव्या वर्षी, निळ्या शर्टात. म्हणूनच ती त्यांना नको म्हणत होती... म्हणूनच ना? की त्या वाटीची आठवण आली की तिला वाटतं, ऐकू देत, एकदा तरी मान वर करून ऐकू देत? ऑटोत त्यांनी तिची पर्स मांडीवर धरली होती. चिठ्ठीचं टोक पाहून म्हणाले, "हे काय, खूण करून ठेवली काय वं? वाचून दाखवणार हायस?"

"बघू," ती म्हणाली.

वाचनालयाच्या सभागृहात बऱ्यापैकी गर्दी होती. बाहेर तर्री-पोह्यांचा वास. सौरव बक्षी दारातच भेटले, दोन्ही हात जोडून. "उत्तराजी! तुमच्याशिवाय हे झालंच नसतं," ते हिंदीत म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं हे पाहून तिचा राग दुप्पट झाला. लबाड माणसाला झोडपणं सोपं असतं. बाबांशी त्यांनी इतक्या अदबीनं हात मिळवला की बाबा खूश होऊन तिसऱ्या रांगेत ताठ बसले.

कार्यक्रम सुरू झाला. अनुवाद म्हणजे पूल, अनुवाद म्हणजे खिडकी, असं बरंच काही बोलून झालं. उत्तरा मांडीवरचं मूळ पुस्तक चाचपत होती. तिला आतून गार वाटत होतं, एक प्रकारची मजाच वाटत होती. बोला, अजून बोला. तुम्ही जितके वर चढाल तितकं बरं. आणि मग ते म्हणाले की मी माझं सगळ्यात आवडतं पान वाचतो, आणि तेच पान उघडलं.

छान वाचलं त्यांनी. आवाज खाली आणून, प्रत्येक पावलापाशी थांबून. नंतर सूत्रसंचालन करणाऱ्या सरिताबाई उठल्या. सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी तेवढ्या पानाचं मराठी करून आणलं होतं. आई आता इंग्रजीतून फिरून मराठीत येत होती, दुसऱ्याच बाईचं नाव लावून, पुस्तकी मराठी बोलत. तरी पायरी तीच होती. पेटी तीच. 'मालगाडी धडधडत जात राहिली' असं सरिताबाईंनी वाचलं आणि शेजारी बाबा तिच्याकडे झुकले.

"उत्तरा," ते तिच्या कानाशी म्हणाले, "ह्या लेखकाले आपल्या घरचं कसं मालूम?"

ती त्यांच्याकडे वळली.

"मी पाह्यलं होतं ते," बाबा म्हणाले. ते समोर बघत होते. "त्या दिवशी गाडी लेट होती, तं मी घरी वापस आलो. क्वार्टरच्या कोपऱ्यावरून दिसली मले. पेटी घेऊन बसली होती. दारातली पावलं बी दिसली, बाहेर निघालेली."

"मग?"

"मंग काय. तिथूनच वापस फिरलो."

"काहून?" हा शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी आला. शाळेत ती मुलांना 'का' म्हणायला लावते.

"म्हटलं, जाऊन राहिली तं जाऊ दे तिले. कोणत्या तोंडानं थांबवू?" ते अजून मंचाकडेच बघत होते. "पर तिनं मले पाह्यलं वं. मी फिरलो तेव्हा. मधात मालगाडी आली. तिनं पाह्यलं होतं मले."

सरिताबाईंचं वाचून झालं. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या, दोन-तीनदा, हळू.

उत्तरा बसून राहिली. त्या दिवशी दाराआडून आईची फक्त पाठ दिसत होती. ती कुणाकडे बघत होती ते दिसत नव्हतं. इतकी वर्षं तिला पक्कं माहीत होतं की आई तिच्यासाठी थांबली. त्या ओझ्याखाली ती वाढली, आणि त्या ओझ्याचा तिला गर्वही होता. शाळेत पहिली आली तरी, लग्न मोडून घरी परतली तरी, आई माझ्यासाठी थांबली होती. आणि तिच्या त्या कंसात एक माणूस लिहायचा राहून गेला होता — डबा घेऊन कोपऱ्यावर उभा. त्याला पाहून आई उठली? की त्याची पाठ पाहून? जाऊ देणाऱ्याच्या नाकावर टिच्चून राहिली, की फिरून गेलेल्या माणसाची तिला कीव आली? आई, तू सांगितलं का नाहीस? बाबा, तुम्ही त्या वाटीच्या वेळी बोलला असता तर... खिरीच्या वाटीच्या वेळी मान खाली, आणि त्या दुपारी पाठ फिरवली! हे औदार्य की भेकडपणा, हे तरी कुणाला विचारू मी?

"कुणाला काही विचारायचंय?" सरिताबाई म्हणाल्या, आणि तिला आठवलं की तिचा हात वर आहे. कधी वर गेला कोण जाणे. इतके दिवस मनातल्या मनात वर केलेला हात, तो आपला वेळ आली तसा वर गेला होता. माइक रांगेतून हातोहात पुढे आला. बाबांनी तो घेतला, तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाहिलं, मान वर करून, सरळ. तिची पर्स अजून त्यांच्या मांडीवर होती, पिवळी चिठ्ठी बाहेर.

ती उभी राहिली. डाव्या हातात मूळ पुस्तक होतं. मंचावर सौरव बक्षींनी मान तिरकी केली, तेच हसू, "येस, उत्तराजी?" आणि प्रश्न तिच्या जिभेवर जसाच्या तसा होता, तिन्ही भाषांत, एक शब्द न विसरलेला: हे पान कुठे आहे, तेवढं दाखवता का? राग तर तेवढाच होता, काकणभर जास्तच. फक्त आता तिला कळेना, तो प्रश्न विचारायला समोर बघायचं, की शेजारी.