दुकान डाव्या हाताला

आमच्या बाबांनी आयुष्यभर रस्ता पाहिला तो आरशात. सलूनचं कामच तसं आहे. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसतं, त्याच्यामागे बाबा उभे, आणि बाबांच्या पाठीमागे उघडं दार आणि रस्ता. कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाबरोबर गेलं, हे त्यांना कात्री न थांबवता कळतं. अडचण एवढीच की तीच माणसं बाहेर समोरासमोर भेटली तर बाबा त्यांना ओळखत नाहीत. भांग भलत्याच बाजूला दिसतो म्हणे.

दारात कोणी पत्ता विचारायला आलं तरी बाबा मान वळवत नाहीत. आरशात बघूनच सांगतात, "सरळ जा आणि कोपऱ्यावर डावीकडे वळा." तो बिचारा डावीकडे वळून थेट लाकडाच्या वखारीत जाऊन पोचायचा. माझा दादा लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. तो माणूस खाली उतरला की दादा हळूच म्हणायचा, "बाबांनी डावीकडे सांगितलं ना? मग उजवीकडे जा." बाबांचं डावं-उजवं चुकतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाबांना नव्हतं. त्यांना सांगणार कोण? चूक दाखवली की ते हातातलं खाली ठेवतात आणि म्हणतात, "मग तूच कर."

दादाला तर त्यांनी याहून कडक सुनावलं होतं. दुकानात दोन खुर्च्या, त्यातली दुसरी दादासाठी, हे तो जन्मला तेव्हाच ठरलेलं. दादाने मात्र वस्तरा हातात घेण्याऐवजी सायकल घेतली आणि एके दिवशी सांगून टाकलं की लांबच्या एका शहरातल्या संघाने त्याला बोलावलंय. बाबा म्हणाले, "जायचं तर जा. परत तोंड दाखवू नकोस." बाबांचं एकही न ऐकणाऱ्या दादाने नेमकं तेवढं ऐकलं. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. दुसऱ्या खुर्चीवर टॉवेलांची चळत असते आणि गिऱ्हाइकांची कितीही गर्दी झाली तरी ती चळत हलत नाही.

आणि मग पेपरात आलं की देशातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत यंदा आमच्या शहरातून जाणार. सोबत नकाशा छापला होता. त्यातली लाल रेघ इस्पितळाकडून पुलाकडे जाताना आमच्या दुकानाला घासून गेली होती. दादाचा संघ शर्यतीत होता आणि संघात दादा होता.

बाबांनी पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "रस्ता बंद म्हणजे धंदा बुडाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला रंग दिला.

शर्यत आमच्या शहरात थांबणार नव्हती. आली की गेली. मुक्काम पुढे कुठेतरी घाटापलीकडे. दादाला घरी येणं शक्य नव्हतं, सायकलवरून उतरणं तर त्याहून नाही. म्हणजे व्हायचं काय, तर दादा दुकानासमोरून जाईल, आम्हाला बघेल, आम्ही त्याला बघू, एवढंच. पण आईसाठी तेच सगळं काही होतं. कितीतरी वर्षांनी तो आणि बाबा एकमेकांना डोळ्यांनी दिसणार होते. आईने त्याच्यासाठी नवी साडी काढली. मी म्हटलं, "अगं, तो एवढ्या वेगात असेल, साडी बघणार आहे का?" तर म्हणाली, "रंग तर दिसेल."

दादा शर्यत जिंकणाऱ्यातला नाही, हेही सांगून टाकते. संघात एक मुख्य गडी असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. दादाचं काम मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि पुढे त्याला नेऊन द्यायच्या. बाबांना हे कळलं तेव्हा ते दिवसभर पुटपुटत होते, "इथे साधा टॉवेल दे म्हटलं तर लाज वाटायची. तिथे पाणी भरतोय."

तरी तयारी सुरूच होती. कुठल्या पायरीवर कोण उभं राहील, ऊन कुठून येईल, दारासमोरची कुंडी कुठे सरकवायची, सगळं. विचारलं की एकच उत्तर, "गिऱ्हाइकांसाठी चाललंय." नेहमीचे पोस्टमास्तर तर म्हणाले, "मी खुर्चीतच बसतो. दाढीही होईल आणि आरशात शर्यतही दिसेल. ऊन नको न् धक्के नकोत." बाबांना ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी आरसा दोनदा पुसला.

दर रविवारी आई दुकानावरच्या आमच्या घरातून दादाला फोन करते. त्या वेळी बाबा शेजारी बसून वस्तऱ्याला धार लावतात. घरी वस्तरा कशाला आणतात हे आम्ही विचारत नाही. शर्यतीच्या आदल्या रविवारी आई फोनवर बोलत असताना बाबा वस्तऱ्याकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, इस्पितळ मागे पडलं की दुकान डाव्या हाताला येईल. डाव्या. नीट सांग."

इतक्या वर्षांत दादासाठी बाबांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. तिने जसाच्या तसा सांगितला, डोळे पुसत. पलीकडून दादा जरा वेळाने म्हणाला, "डाव्या? बरं. कळलं." आणि हसला. मला वाटलं, आनंदाने हसला असेल.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना लांबचं दिसतंय की नाही हे तपासण्याचा मला पगार मिळतो. पण त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणालाच डावं कुठलं नि उजवं कुठलं हे तपासून बघावंसं वाटलं नाही. बाबा बोलले होते. ते बरोबर बोलले का, हे बघायला कोणाला सुचणार?

शर्यतीच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना दोऱ्या बांधलेल्या. पोलीस शिट्ट्या फुंकून घसा बसल्याची भरपाई करत होते. आमच्या समोरच्या बाजूला केस कापण्याचं एक चकचकीत दुकान आहे, काचेच्या दाराचं, आत थंड हवा. त्याच्या मालकाला बाबा नावाने ओळखत नाहीत. 'समोरचा' म्हणतात, तेही नाइलाजाने. तोही दारात उभा होता. आई नव्या साडीत आमच्या पायरीवर बसली होती. आत पोस्टमास्तर चष्मा काढून, गळ्यापर्यंत पांढरी चादर लपेटून, एका गालाची दाढी उरकून, दुसऱ्या गालावर फेस घेऊन बसलेले. दुकानाचं दार सताड उघडं.

तेवढ्यात शर्यतीच्या पुढे चालणारा एक मोटारसायकलवाला इस्पितळाकडून आला. त्याच्या डाव्या दंडावर लाल फडकं बांधलेलं होतं आणि तोच हात लांब करून तो समोरच्या बाजूच्या लोकांना मागे सरकवत होता. बाबा त्याच वेळी आईला छत्री द्यायला बाहेर आले होते. त्यांनी रस्ता प्रत्यक्ष बघितला, मला वाटतं, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

ते दोरीखालून रस्त्यावर गेले. पुलाकडे तोंड करून उभे राहिले, सायकलवाला राहील तसे. मग त्यांनी डावा हात उचलून बाजूला धरला. त्या हाताच्या टोकाला समोरच्याचं काचेचं दार होतं. त्यांनी हात खाली घेतला, तळवा उलटसुलट करून बघितला आणि पुन्हा वर केला. दार तिथेच होतं.

"ए म्हातारबा, बाजूला व्हा!" पोलीस ओरडला.

बाबा वळले. त्यांचा चेहरा साफ उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "उजव्या हाताला येतं आपलं दुकान. तो पोरगा तिकडे बघत जाईल. चला, उठा!"

"कुठे?" आई म्हणाली.

"समोर!"

"त्याच्या दारात?"

"त्याच्या दारात, नाहीतर त्याच्या डोक्यावर! उठ आधी!"

बाबांनी आईचा हात धरला. पोस्टमास्तरांना ओरडून सांगितलं, "हलू नका!" आणि आम्ही तिघं पोलिसाच्या शिव्या खात रस्ता ओलांडून गेलो. पाठोपाठ पोलिसाने शिट्टी मारून रस्ता बंद केला. आता शर्यत जाईपर्यंत इकडचं माणूस तिकडे जाणार नव्हतं.

ज्या पायरीवर पाय ठेवणार नाही असं बाबा चारचौघांत सांगत आले होते, त्या पायरीवर ते उभे होते, पांढऱ्या कोटात, खांद्यावर टॉवेल. समोरच्याने आतून स्टूल आणून आईला दिलं. मग बाबांकडे बघून म्हणाला, "इथे पुढे या. इथून नीट दिसेल." बाबा पुढे सरकले. मला रडू येत होतं, आणि हसूही. मी दोन्ही गिळलं.

मग शर्यत आली. आधी गाड्या, मग भणभण असा आवाज आणि त्यामागे सायकलींचा तो लोंढा, रंगच रंग. आई कोणत्याही रंगाकडे बघून हात हलवत होती. लोंढ्याच्या शेपटाला, जर्सीत मागे बाटल्या कोंबलेला, उंच, नारिंगी रंगातला एक. दादा!

बाबांनी त्याला हाक मारली. घरातल्या नावाने, लहानपणच्या, ज्या नावाने हाक मारायचं त्यांनी तो शाळेत जायला लागल्यावर सोडून दिलं होतं. पूर्ण घसा फोडून.

आणि दादाने मान वळवली. उजवीकडे.

आमच्या दुकानाकडे. रिकामी पायरी, सरकवलेली कुंडी, रंगवलेलं दार. बघताना त्याने हातही वर केला. आणि तसाच, आमच्याकडे पाठ करून, निघून गेला.

पायरीवर बसून वाटसरूंना खरा पत्ता सांगणारा तो मुलगा. बाबांनी डावीकडे सांगितलं म्हणजे उजवीकडे. त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. फोनवर तो का हसला हे मला तेव्हा कळलं, आणि इतकं वाईट वाटलं की माझ्याच्याने बाबांकडे बघवेना. आपली चूक कबूल करायला बाबांनी सगळं आयुष्य घालवून नेमका हाच दिवस निवडावा!

"त्याने बघितलं?" आईने विचारलं. तिला एवढ्या गर्दीत काही कळलंच नव्हतं.

"बघितलं," बाबा म्हणाले.

रस्ता उघडल्यावर आम्ही परत आलो. पोस्टमास्तर हललेले नव्हते. गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला होता. "छान झाली शर्यत," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय रंगच दिसले म्हणा सगळे. पण शेवटी एकाने हात केला. मी चादरीतून हात काढून मीही केला. म्हटलं, ओळखीचा असेल."

बाबांनी त्यांचा गाल पुन्हा भिजवला आणि उरलेली दाढी पूर्ण केली. इतकी हळू मी त्यांना कोणाची दाढी करताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. रविवार नसताना. आईने फोनचा आवाज मोठा केला आणि बाबा वस्तरा घेऊन शेजारी बसले. दादाला बोलायला दम पुरत नव्हता.

"आई, बाबांनी हात केला मला! तुम्ही कुठे होतात दोघी? पायरीवर कोणी नव्हतं. पण बाबा आत होते, पांढऱ्या कोटात, खाली वाकून काम करत. पाठ फिरवूनच होते, मला माहीतच होतं ते वळणार नाहीत. पण आरशात त्यांनी हात वर केला! मी बघितला ना! मला तेवढंच पाहिजे होतं गं. ते वळावेत असं मी कधी म्हटलंच नव्हतं."

आईने तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. वळले होते की. पूर्ण वळले होते, रस्ता ओलांडून, समोरच्याच्या पायरीवर, घसा फोडून. सांगायचं कोणी? आणि सांगितलं तर त्याचा तो हात पोस्टमास्तरांचा होणार.

बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि आईच्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, मग तूच कर. फोन कानाला न लावता समोर धरून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"दिसलास," ते म्हणाले. "सगळा दिसलास."

पलीकडे दादाने नाक ओढलं.

"मानेवर केस फार वाढलेत," बाबा म्हणाले. "टोपीखालून बाहेर आलेत. कोण कापतं तुझे? एकदा येऊन बस खुर्चीत."

"येतो," दादा म्हणाला. आवाज एकदम लहान झालेला. मग तो थांबला. सलूनमध्ये वाढलेला पोरगा तो. आरशात काय दिसतं आणि काय नाही, हे त्याला कळत नाही असं नाही.

"बाबा," त्याने विचारलं, "तुम्हाला माझी मान कुठून दिसली?"

बाबांनी फोन आईला दिला, आणि दुकानाची किल्ली घेऊन ते खाली गेले. जरा वेळाने मी मागोमाग गेले, तर ते टॉवेलांची चळत दुसऱ्या खुर्चीवरून उचलून कपाटात ठेवत होते.