फणसाखालच्या वर्गातली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. माझे झाकण केव्हाच फुटले आणि काठाचा एक टवका उडालेला आहे. तरीही आमच्या गावात माझ्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही भांड्याला नाही, हे मी गर्वाने नव्हे, खात्रीने सांगते.

सुराबायाच्या एका कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी माझा जन्म झाला. पेंढ्यात गुंडाळून मला मध्य जावातल्या बाजारात आणले गेले आणि बू तुकिनाह यांनी मला आपल्या चहाच्या टपरीसाठी निवडले. 'बू' म्हणजे आई. आमच्याकडे प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला असेच म्हणतात. टपरी फणसाच्या झाडाखाली होती आणि तिच्या मागे लागूनच बूंचे भाताचे खाचर होते. माझ्यात शेंगदाणे पेरलेल्या तांदळाच्या पापड्या असत. दमट हवेतही त्या मऊ पडत नसत. गिऱ्हाइके मला टिचकी मारून म्हणत, "बरणी असावी तर अशी." पुढे झाकण फुटले, प्लास्टिकचे डबे आले, आणि मी फळीच्या टोकाला गंजक्या खिळ्यांची धनीण झाले. सात वर्षे मला कोणी पुसलेदेखील नाही.

सहाव्या वर्षी भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांनी गावची शेते करपवली. बूंच्या खाचरातून घरापुरताही तांदूळ निघाला नाही. पुढच्या वर्षीही तसेच झाले, तर खाचर सोडायचे, टपरी मोडायची आणि शहरात मुलीकडे राहायला जायचे, असे त्यांनी ठरवले होते. "तिसऱ्या मजल्यावर घर आहे तिचं," त्या म्हणत. "तिथं मी काय पेरू, कुंडीत?"

सातव्या वर्षीच्या हंगामात शेतीखात्याने फणसाखाली शेतकऱ्यांचा वर्ग सुरू केला. आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यात लेगी नावाचा एक वार येतो. त्या दिवशी सकाळी वर्ग भरे. शिकवायला लिंडुंग नावाचा तरुण आला. तो सुमात्रा बेटावरचा, बाताक लोकांतला. त्यांच्यात नाही म्हणायचे असेल, तर माणूस तोंडावर नाही म्हणतो. त्याने मोठा तक्ता टांगला आणि 'नैसर्गिक शत्रू', 'कीटकसंख्येचा समतोल' असे पुष्कळ काही समजावून सांगितले. पन्नाशीची माणसे लवंगेच्या सिगारेटी ओढत ऐकत होती.

"कोळी मारायचे नाहीत, ते तुडतुडे खातात. पटलं का?" त्याने विचारले.

"हो, मास, पटलं," सगळे माना डोलावत म्हणाले. मास म्हणजे दादा.

तीन वर्ग असेच झाले. चौथ्या लेगीला लिंडुंग आला, तेव्हा बाकावर पाठीवरचे फवारणीचे पंप ओळीने मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी सगळी शेते फवारायची, असे गावाने ठरवले होते.

"तुम्ही तर हो म्हणाला होता," तो हताश होऊन म्हणाला.

बूंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "मास, पाहुण्याला कुणी नाही म्हणतं का? तुमचा तक्ता छान आहे. पण त्यातला किडा माझ्या मांजराएवढा आहे. तसला आमच्याकडे नसतो."

लोक हसले. लिंडुंगलाही हसू आले. त्याने तक्ता गुंडाळून ठेवला आणि बाकावर सर्वांच्या मध्ये बसत विचारले, "मग गेल्या वर्षी तुमच्या शेतात काय झालं, ते तुम्हीच सांगा, बू."

बूंनी सांगितले. पहाटे टपरी उघडताना खाचरावर दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी दिसत, जणू कोणी धुतलेली वस्त्रे वाळत घातली आहेत. पहिल्या फवारणीनंतर ती दिसेनाशी झाली. महिनाभरात भातात गोल गोल पिवळे चट्टे पडले. "मला वाटलं, औषध कमी पडलं. म्हणून पुन्हा मारलं."

शेतकरी मंडळाचे प्रमुख वागियो यांनी सिगारेट विझवली. "माझ्याकडेही तसंच झालं," ते सावकाश म्हणाले. "पण किडा तो किडा, मास. जो चालतो तो पीक खातो. आमच्या बापजाद्यांनीही हेच सांगितलं."

"मग एकाला चालवून बघू," लिंडुंग म्हणाला. "एखादी बरणी आहे का?"

मित्रांनो, बूंनी माझ्यातले खिळे ओतले, मला राखेने घासले, आणि सात वर्षांनी माझ्यातून ऊन आरपार गेले. माझ्यात भाताचा एक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, वीस तुडतुडे आणि एक करडा कोळी सोडला. तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. उद्याची फवारणी तेवढ्यापुरती थांबली.

दोन दिवस टपरीवर गर्दी हटेना. "वागियो, तुमच्यापेक्षा हा कमी बोलतो आणि जास्त खातो," कोणी म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी सहा तुडतुडे उरले होते. भाताचे पान कोळ्याने कुरतडलेदेखील नव्हते.

"बरणीत त्यांना पळायला जागा कुठं आहे?" वागियो म्हणाले. "तुरुंगात कुणीही कुणालाही खाईल."

एरवी लिंडुंगने तक्ता उघडला असता. आता तो म्हणाला, "खरं आहे, बापाक." बापाक म्हणजे बाबा. "मग शेतात मोजू या. पुढच्या लेगीपर्यंत बूंच्या खाचरात कुणी फवारायचं नाही. तुडतुडेही मोजा आणि कोळीही."

खाचर बूंचे होते, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. वर्षभराचा तांदूळ त्यात उभा होता. त्यांनी मला हातात घेतले आणि पुष्कळ वेळ आत पाहिले. "मोजा," त्या म्हणाल्या.

पुढच्या लेगीला दर चुडातले तुडतुडे चारावरून सहावर गेले होते. वागियो पंप घेऊन बांधावर आले. मी फळीवरून सारे पाहत होते.

"आधी कोळी मोजा," बू म्हणाल्या, "मग काय ते करा."

वागियो चिखलात उतरले. तासाभराने गुडघ्यापर्यंत माखलेले परत आले आणि त्यांनी बंद मूठ माझ्यावर धरून अलगद उघडली. एक कोळीण माझ्यात उतरली. तिची पाठ इवल्या पिल्लांनी भरलेली होती.

"दर चुडात एक तरी आहे. काहींत दोन," ते म्हणाले. "ही तर पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतेय, आणि मी पाठीवर हे घेऊन हिंडतोय." त्यांनी पंप उतरवून बाकाखाली सरकवला.

तो पंप त्या हंगामात तिथेच राहिला. तुडतुडे आणखी एक आठवडा वाढले आणि मग ओसरले. बूंच्या खाचरात एकही पिवळा चट्टा पडला नाही. कापणीच्या दिवशी मुलगी शहरातून आली, ती आईला न्यायला नव्हे, तर भारे उचलायला.

आज शेजारच्या गावांतले शेतकरी फणसाखाली येतात, तेव्हा बऱ्याचदा वागियोच शिकवतात. ते मला समोर ठेवतात आणि म्हणतात, "मी शिकवायला बसलेलो नाही. एका वर्षी मी शहाणपणानं माझंच पीक कसं करपवलं, ते सांगतो. मग तुम्ही तुमचं सांगा." कोणी नुसतीच मान डोलावली, तर ते चहा थांबवतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला नवे झाकण बसवू नका. कापडच बरे, आतल्या जिवाला श्वास घेता येतो. टवका उडाला म्हणून जुने भांडे फेकू नका. आणि उद्या तुम्ही कोणा मोठ्या माणसाला काही शिकवायला बसलात, तर आधी त्याची हकिकत विचारा. मी बरणी आहे. रिकामे असणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. फणसाखाली आजवर एकही माणूस रिकामा आलेला मी पाहिला नाही.