उपाशी हात

सकाळी साडेदहाला आईचा हात खाली गेला आणि मुलीचा भात बंद झाला.

दूध, पाव, अंडी, बटाटा आधीच गेले होते. मुलगी एकोणीस वर्षांची; घरात तिला बारकी म्हणतात. वर्षभर पोट दुखत होतं आणि डॉक्टरांच्या तपासण्यांत काही सापडत नव्हतं. मग कुणीतरी या खोलीचा पत्ता दिला. इथे मॅडम रुग्णाच्या एका हातात पदार्थाची छोटी काचेची कुपी देतात, दुसरा हात समोर ताठ धरायला सांगतात आणि मनगटावर दोन बोटांनी दाबतात. हात टिकला तर पदार्थ चालतो. पडला तर शरीराला तो नको आहे.

बारकीला हात वर धरवेना, तेव्हापासून तिच्या जागी आई उभी राहते. कुपी बारकीच्या पोटाशी, आईचा डावा हात तिच्या खांद्यावर, उजवा पुढे. आई लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करते. लेकीला जे बंद होईल ते तिने स्वतःलाही बंद केलं होतं. पोरीसमोर घास उतरत नाही, म्हणायची.

आज मावशी सोबत आली होती.

"ताई, सकाळी काय खाल्लंस?"

"तपासणी आहे म्हणून काही नाही."

"आणि काल?"

"थोडा भात."

"मग हा हात पडेल नाहीतर काय कुस्ती खेळेल?" मावशीने टेबलावरची रिकामी कुपी उचलून बारकीच्या पोटाशी धरली. "मॅडम, आता दाबा."

मॅडमनी दाबलं. हात खाली गेला.

"बघा! यात नुसती हवा आहे. आता पोरीची हवाही बंद करायची का?"

मॅडम चिडल्या नाहीत. कुपी उजेडात धरून म्हणाल्या, "धुतली तरी आधीचा अंश राहतो. यात शेंगदाणे होते."

"म्हणजे शेंगदाणेही नकोत," आई म्हणाली.

"तू तरी बोल गं बये," मावशी बारकीला म्हणाली.

"भांडू नकोस ना मावशी. मला भूक लागतच नाही आता. दुखणंही कमी आहे."

"ऐकलंस?" आईचा चेहरा उजळला होता.

जिना उतरताना बारकी मधल्या पायरीवर बसली, ती उठेना. मावशीने गाडी थांबवून तिला रुग्णालयात नेलं. दुपारी रक्ताचा अहवाल आला. क्षार फार उतरले आहेत, हृदयावर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं, सलाईन लगेच लावू, असं डॉक्टर म्हणाले.

आई आडवी आली. "आधी ती बाटली तिच्या पोटाशी धरा. मी हात धरते."

"लावा हो तुम्ही," मावशी म्हणाली.

मुलगी सज्ञान आणि शुद्धीवर होती. डॉक्टरांनी तिलाच विचारलं.

"आईचा हात काय म्हणतो?" बारकी म्हणाली.

मॅडमचा फोन लागत नव्हता. परिचारिकेने मनगट दाबायला नकार दिला. शेवटी मावशीच पुढे झाली. "आण, मी दाबते." बाटली बारकीच्या पोटावर ठेवली गेली. आईने हात पुढे केला. मावशीने बोटं मनगटावर फक्त टेकवली, दाबलं नाही.

हात खाली गेला.

"मी दाबलंच नाही, ताई! देवाशपथ!"

आईने बाटली उचलून परिचारिकेच्या हातात परत दिली.

संध्याकाळी साडेसहाला सलाईन लावलेलं नव्हतं. डॉक्टर दुसऱ्यांदा बोलायला आले होते. बारकीने डोळे मिटले होते आणि मान हलवून ती नाही म्हणत होती.