मिठावरची झाडं

नूतन बाईंच्या भूगोलावर गदा आली होती. नववीचे भूगोलाचे दोन तास गणिताला द्यायचे, असं सुपरवायझर द्रौपदी मॅडमनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. आज त्या स्वतः तास बघायला शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, आणि चेहरा असा की वर्गातला पंखासुद्धा जपून फिरत होता.

नूतननं पुस्तक उघडलंच नाही. पिशवीतून क्रिकेटच्या जर्सी काढल्या आणि फळ्याला टांगल्या. आसपासच्या टीमच्या होत्या, भाऊ भूपेशनं मागून आणलेल्या. नावांवर कागद चिकटवलेला, छातीवरचं चिन्ह तेवढं उघडं.

"चिन्ह बघा आणि सांगा, ही माणसं कुठली?"

वर्ग उसळलाच! बैल दिसताच मागची रांग "शर्यतवाले!" म्हणून ओरडली. ऊस दिसल्यावर विनीत बाकावरच चढला.

"बाई, ही आमच्या बिल्डिंगची! सगळे साताऱ्याचे."

"अरे, पण आपल्या इथं कात्रपमध्ये ऊस कुठे पिकतो?"

"इथं नाही, गावाला पिकतो ना!"

"म्हणजे गाव सुटलं, पण ऊस छातीवर आला," नूतन म्हणाली. बोलताना तिचाच आवाज चढला होता. आता तिनं शेवटची जर्सी टांगली. तीन पांढरे डोंगर, त्यांवर हिरवी झाडं.

"हिमालय!"

"चल रे, मलंगगड आहे तो!"

"ही माझ्या माहेरची टीम. कॅम्प तीनमधल्या जर्सी छापणाऱ्यानं आपलं डोकं चालवून झाडं लावली, आणि आमच्या पोरांनी तशीच घालून मॅच खेळली." नूतननं झाडांवर कागद धरला. "आता ऊस आठवा आणि सांगा."

नूतनची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. तेवढ्यात करिष्मा किंचाळली, "मीठ! बाई, मिठाचे ढीग! आमचे पणजोबा खाडीवर मिठागरातच होते!"

"मिठावर झाडं!" वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. नूतनला इतका आनंद झाला की तिनं टाळ्याच वाजवल्या.

द्रौपदी मॅडम उठल्या. हसू जागच्या जागी विरलं. त्या फळ्याशी आल्या, खडू घेतला आणि एक मासा काढला.

"आमच्या कॅम्पातल्या मुलांच्या टीमचा आहे. तिथं ना समुद्र, ना कोळीवाडा. कुठून आला सांगा."

"मॅडम, फाळणीत कॅम्पात आलेले सिंधी लोक! सिंधू नदी!" विनीत ओरडला.

"नदी तर तिकडेच राहिली. मग मासा कसा आला?" मॅडमचा आवाज किंचित कापला.

"उसासारखाच, मॅडम," करिष्मा हळूच म्हणाली.

घंटा झाली. गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी वळूनही पाहिलं नाही, त्या माशाला खवले काढत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "आजचा तुमचा तास भूगोलाला द्या."