टेकडीवरून आलेला निरोप

विष्णू सावे ऑगस्टअखेर रिटायर झाले. स्टेशनवरच्या मंडळींनी हार घातले, फोटो काढले, आणि घरी येऊन ते जे झोपाळ्यावर आडवे झाले, ते डिसेंबर लागला तरी नीट उठले नव्हते. आजार म्हणावा तर नव्हता. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढली होती. पुढे अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर इंजिन, आणि त्यातल्या ड्रायव्हरशी सगळं बोलणं वॉकी-टॉकीच्या सेटवर. "गाडी ओके?" "ओके." कितीतरी ड्रायव्हरांचे आवाज त्यांच्या ओळखीचे होते आणि चेहरे नव्हते. आता कानाला काहीच नको झालं होतं. टीव्हीसुद्धा ते आवाज बंद करून बघत.

मनोरमा, त्यांची बायको, त्यांच्या झोपाळ्याच्या आजूबाजूने केर काढायची, चहा आणून ठेवायची, कप उचलून न्यायची. ती काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही हे विष्णूंच्या लक्षातही येत नसे.

एका रविवारी मुलगी आणि जावई तलासरीहून डहाणूला आले. रुचिता तलासरीच्या पंचायत समितीत नोकरीला, रोशन सरीगामच्या एका कंपनीत. जानेवारीत चौघांनी मनालीच्या वर सोलांगला जायचं, असं रुचिताने दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. ती आणि रोशन पाच दिवस स्कीइंग शिकणार. आईपप्पा खाली खुर्चीत बसून बर्फ बघणार. "आईला जरा आराम," असं ती सगळ्यांना सांगत होती.

रोशनने पिशवीतून दोन काळे सेट काढून टेबलावर ठेवले. मित्राकडून पंधरा दिवसांसाठी आणलेले.

"पप्पा, तुम्ही यातले जाणकार. सांगा, तिकडे बोलायला फोन बरा की हे?"

"मी म्हणते हेच," रुचिता मध्येच म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या योगिताचा नवरा गेल्या वर्षी भलत्याच उतारावर गेला. पाय मुरगळून तासभर बसून होता. खिशातला फोन थंडीने बंद पडलेला."

"अगं, पण फोन सगळ्यांकडे आहेतच," रोशन म्हणाला. "नेटवर्क मिळतं तिकडे. उगाच हे ओझं गळ्यात कशाला?"

विष्णूंनी सेटकडे बघितलंही नाही. "फोनच घ्या," ते म्हणाले.

"का पण?"

"मला विचारलंत, मी सांगितलं."

रुचिता अशी ऐकणारी नव्हती. बापाचंच डोकं. "आपण बघूच करून. पुढच्या रविवारी कोसबाडच्या टेकडीवर जाऊ. टेकडी ती टेकडी, बर्फ नसला म्हणून काय झालं?"

पुढच्या रविवारी चौघं गाडीने निघाले. विष्णूंना एक सेट देऊन खाली रस्त्यालगतच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं; मागे चिकूची वाडी, सावली दाट. बाकीचे तिघं गाडीने वर गेले. मनोरमाचे गुडघे दुखत असत, तिला टेकडीच्या माथ्यावर एका दगडावर बसवून दिलं.

आधी फोनची पाळी. रोशनने या उन्हात लोकरीचे हातमोजे चढवले होते, म्हणजे खरं काय ते कळेल. विष्णूंनी फोन लावला. रोशनने मोजा दातांनी ओढून काढेपर्यंत रिंग संपली. पुन्हा लावला, तर तो टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उतरला होता आणि फोनमधली बाई संपर्क क्षेत्राबाहेर म्हणून सांगू लागली. मग सेट. मोज्यातल्या अंगठ्याने बटण दाबून रोशन म्हणाला, "पप्पा, येतोय का आवाज?"

"येतोय. स्पष्ट येतोय," विष्णू म्हणाले. आवाज नोकरीतला निघाला, कोरडा आणि सपाट. त्यांचं त्यांनाच नकोसं वाटलं.

एवढ्यावर सगळे खाली उतरले असते तर काही घडलं नसतं. पण रोशनला फोन अजून एकदा बघायचा होता. त्याने आपला सेट मनोरमाच्या हातात दिला, बटण कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि तो आणि रुचिता पलीकडच्या उतारावर दिसेनासे झाले.

विष्णूंनी खालून विचारलं, "मनोरमा, ऐकू येतंय का? ओव्हर."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "येतंय."

"मग बोल काहीतरी. मधे आवाज तुटतोय का बघायचंय. बटण सोडू नकोस."

"काय बोलू?"

"काहीही."

सेटमध्ये वाऱ्याचा आवाज आला. मग मनोरमा बोलू लागली.

"अहो, मला नाही यायचं बर्फाला. दिवाळीपासून सांगीन म्हणतेय. पोरगी एवढ्या हौसेने करतेय, तिला कोणत्या तोंडाने सांगू? मी दमलेय हो."

"अगं, पण..." विष्णू बटण दाबून म्हणाले. तिचं बटण दाबलेलंच होतं. त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत गेलंच नाही. त्यांनी बोट काढलं, तर ती बोलतच होती.

"...फोन वाजला की अजून दचकते. तुमचा ड्युटीचा फोन कधीही यायचा. तुमच्या आधी मी उठायचे, डबा करायला. मग सासूबाईंची सात वर्षं अंथरुणावरची. दिवसातून पन्नास वेळा हाक. जाऊन वर्ष झालं त्यांना, पण अजून हातातलं टाकून उठते आणि खोलीच्या दारात गेल्यावर आठवतं. आता तिकडे जाऊन तुमचे स्वेटर शोधायचे, गोळ्या द्यायच्या, वर गेलेली दोघं खाली कधी येतात ते बघत बसायचं. नको मला. आठ दिवस मला कुणी हाक मारू नये. फोनवर नको, ह्याच्यावरही नको. घरी एकटीला राहायचंय." मग वारा नुसता, आणि शेवटी, "ते आपलं... ओव्हर."

विष्णू मोरीवर बसून राहिले. समोरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ बसली. नोकरीत नियम होता: निरोप आला की तो आपल्या तोंडाने परत म्हणायचा, म्हणजे आपण नीट ऐकलं हे पलीकडच्याला कळतं. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी तेच केलं.

"मनोरमाला बर्फाला जायचं नाही," ते म्हणाले. "मनोरमा... दमली आहे." त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. "आठ दिवस कुणी हाक मारायची नाही. फोनवर नाही, सेटवर नाही. घरी एकटीला राहायचंय. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. "तुम्ही मात्र जा. पोरांना खाली कुणीतरी हवंच."

पुन्हा सेट हातात घ्यायचा नाही, हे विष्णूंनी ऑगस्टातच मनाशी पक्कं केलं होतं.

"जातो," ते म्हणाले.

परतताना गाडीत त्यांनीच रुचिताला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मला का नाही बोललीस? मी काय परकी आहे?"

मनोरमा खिडकीबाहेर बघत होती. विष्णू म्हणाले, "तू तिला विचारलंस कुठे? जायचंय म्हणून सांगितलंस. मी तरी दुसरं काय केलं इतकी वर्षं?"



तीन सेट मागवले. फोन बनियनच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचे आणि अडलं तरच काढायचे. बाकी बोलणं सेटवर, असं ठरलं. जानेवारीत तिघं वापीहून चंदीगडला आणि तिथून बसने वर गेले.

सोलांगला विष्णू एका मॅगीच्या टपरीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत, भाड्याचा जाड कोट घालून. बर्फ त्यांनी पहिली दहा मिनिटं बघितला. मग सेटच. "पप्पा, वर पोचलो." "वर पोचलात, बरोबर." "पप्पा, पडलो, पण ठीक आहे." "पडलास, ठीक आहेस, बरोबर." त्याच चॅनलवर कुणी पंजाबी मंडळी येऊन जेवणाच्या गप्पा मारू लागली, तेव्हा तिघांनी चॅनल बदलून घेतला. संध्याकाळी हॉटेलवर आले की पाठ अंथरुणाला लागायच्या आत डोळे मिटत. चौतीस वर्षांचा शीण पुन्हा अंगात येऊन बसल्यासारखं वाटे.

चौथ्या दिवशी धुकं उतरलं. रुचिता घोळक्यातून मागे राहिली आणि तिला खालची दिशा कळेना. तिचा आवाज सेटवर आला तेव्हा तो लहानपणीसारखा झाला होता. "पप्पा, मला काहीच दिसत नाही."

"आहेस तिथेच थांब," विष्णू म्हणाले. "पाय हलवू नकोस. शेवटचं काय दिसलं होतं?"

"दोरीचा खांब. लाल."

"लाल खांब. बरोबर." त्यांनी शिकवणाऱ्या माणसाला गाठून सांगितलं, आणि तो तिच्यापर्यंत पोचेस्तोवर दर मिनिटाला तिच्याशी बोलत राहिले. पंचवीस मिनिटं लागली. खाली आल्यावर रुचिताने फोन काढून दाखवला. तो बाहेरच्या खिशात राहिला होता आणि बंद पडला होता. रोशनने तिच्या हातमोज्यांवरचा बर्फ झटकला.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावायला घेतला.

"नको," विष्णू म्हणाले.

"एवढं झालं, तरी सांगायचं नाही?"

"आठ दिवस म्हणालीय ती."

सातव्या दिवशी मनोरमाचाच फोन आला. रुचिताने तो लगेच बापाकडे दिला. विष्णू खोलीबाहेर गेले.

"आराम झाला?" त्यांनी विचारलं.

"झोपतेय नुसती," ती म्हणाली. "जाग आली की चहा करते, परत पडते. एकदा नरपडला समुद्रावर जाऊन बसले. पण पुरत नाही हो अजून. रागावू नका."

"अजून किती दिवस?"

"चार?"

"चार दिवस," ते म्हणाले. "बरं."

म्हणून परतल्यावर विष्णू डहाणूला उतरलेच नाहीत. तलासरीला रुचिताच्या घरी बाहेरच्या खोलीत गादी घालून राहिले. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज खिडकीतून येई. आपलं ताट धुवायला ते स्वतः मोरीत बसत. रुचिताने दोनदा ते हातातून घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

पाचव्या दिवशी ते एसटीने डहाणूला आले. दार उघडंच होतं. मनोरमा पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. चेहरा अजून ओढलेला होता, पण डोळ्यांखालचं काळं थोडं उतरलं होतं.

"आलात?" ती म्हणाली, आणि बसायला जागा करून दिली.

विष्णू टेकले. अंग मोडून आलं होतं. त्यांनी सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला घेतल्या.

"कसा असतो बर्फ?" तिने विचारलं.

"थंड," ते म्हणाले. एवढ्यावरच थांबणार होते. पण ती शेंगा बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली: सकाळी पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा कसा कुरकुर आवाज आला, मॅगीवाल्याकडचं कुत्रं त्यांच्या खुर्चीखाली कसं येऊन झोपायचं, आणि धुकं खाली उतरतं म्हणजे नेमकं काय होतं.